आप्पा, आज कोणाच्या मागं?

आधीच सांगून टाकते, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. जे रिपोर्टमध्ये दिसतं तेवढंच खरं, या हिशोबानं माझं अर्धं आयुष्य गेलंय. तिठ्यावर उतरवून टाकलेला नारळ-लिंबू दिसला की आमच्या शेजारच्या काकू रस्ता बदलतात, मी त्यावरून सरळ स्कूटर घालते. या ग्रुपवरचे चकवा, हडळ वगैरे अनुभव मी डबा खाताना करमणूक म्हणून वाचायचे आणि हसायचे... आज मीच इथे लिहायला बसलेय हे माझ्या नवऱ्याला कळलं तर तोही हसेल. हसू दे. तो हसतो हेच पुष्कळ आहे, का ते पुढे येईलच.

आम्ही सातपूरला राहतो. मी, नवरा संदीप, मुलगी ऋता आणि तेव्हा माझे सासरे – आप्पा. आप्पा मूळचे दिंडोरीकडचे, पण जन्म गेला सातपूरच्या कारखान्यात, प्रेस मशीनवर. डाव्या हाताची दोन बोटं त्या मशीननं घेतली. रिटायर झाल्यावर डॉक्टरांनी शुगर निघाली म्हणून चालायला सांगितलं. आप्पा आठवडाभर चालले आणि म्हणाले, "हे काय म्हाताऱ्यासारखं!" आणि पळायला लागले. कॅनव्हासच्या बुटांत, बनियनवर! त्यांची लाज वाटून संदीप सोबत जायला लागला, संदीपचं पोट कमी झालेलं बघून मी, आणि आम्ही सगळे घराबाहेर म्हणून ऋता. दोन-तीन वर्षांत हे वेडच झालं. लोक सुट्टीत कोकणात जातात, आम्ही जिथे मॅरेथॉन असेल तिथे. टीव्हीच्या वर मेडल्सची रांग, आणि त्यात सगळ्यात शेवटी आलेली मी... माझी मेडल्स आप्पांनी मुद्दाम पुढे टांगलेली.

आता आमच्या घरातली एक पद्धत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे.

घरातला कोणी एकटा मागे राहायचा नाही, हा आप्पांचा नियम. ते माझ्यापेक्षा कितीतरी जोरात पळायचे, पण मुद्दाम मागे थांबायचे. पळायला सुरुवात करताना आमच्यापैकी कोणीतरी विचारायचं, "आप्पा, आज कोणाच्या मागं?" मग ते सगळ्यांची तोंडं निरखून बघायचे आणि जाहीर करायचे, "आज अश्विनीच्या मागं. रातच्याला लय भात हाणलाय तिनं." की मग संपूर्ण रन माझ्या पाठीशी त्यांची टाळी. दोन बोटं नसल्यामुळे ती खणखणीत वाजायची नाही. थप्... थप्... भाकरी थापल्यासारखी. हजार माणसांत ओळखू यायची. आपण नीट पळालो की ती लांब जायची, ढिले पडलो की जवळ यायची, अगदी मानेशी. आणि ती थांबायची एकच सोय होती. पळणाऱ्यानं कितीही गयावया केली तरी उपयोग नाही, घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी दया येऊन त्यानं म्हणायला हवं – "पुरे, आप्पा!" संदीप माझ्यासाठी लगेच म्हणायचा. ऋता मुद्दाम उशीर करायची, कार्टी.

पुढे आम्ही एका रनिंग ग्रुपमध्ये गेलो. कोच निखिल सर (नाव बदललंय, लायकी नसताना). ग्रुपमध्ये आमची ही टाळी सगळ्यांना ठाऊक होती, सर तर तिचे रील टाकायचे. रील हा सरांचा जीव की प्राण! हिवाळ्यात रविवारचा लांबचा रन गंगापूर गावातून गिरणाऱ्याच्या रस्त्याला असायचा. सूर्य उगवायच्या आधी निघायचं, रस्त्यावर दिवे नाहीत, म्हणून सरांची कार हेडलाईट लावून सगळ्यांच्या मागून हळूहळू यायची. गाडीत पाणी, केळी, मीठ. सरांची गाडी मागे आहे म्हटलं की घरचेही निर्धास्त. सगळ्यात शेवटी मी, माझ्या मागे आप्पा, आप्पांच्या मागे गाडी... असा तो क्रम.

त्या रविवारी धुकं होतं. गिरणाऱ्याच्या अलीकडे एक वळण आहे, कडेला मोठं चिंचेचं झाड. माझ्या मागे थप्, थप् चाललेली. मग एक धप्प आवाज. आणि त्यानंतर ब्रेक. पुन्हा सांगते – ब्रेकचा आवाज *नंतर* आला. हे मी पोलिसांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, दहाव्याला आलेल्या पाहुण्यांना सांगितलं. "तुम्ही मागे वळून पाहिलं होतं का?" नव्हतं पाहिलं. विषय संपला.

आप्पा दुपारपर्यंतही राहिले नाहीत.

सरांनी सगळ्यांना एकच सांगितलं – आप्पांना चक्कर आली, ते तोल जाऊन गाडीसमोर पडले. वर खेदानं मान हलवून, "या वयात एवढं झेपत नाही हो... घरच्यांनीही जरा बघायला हवं होतं." घरच्यांनी! आप्पांचं फुल मॅरेथॉनला नाव घातलं होतं ते संदीपनं. नवे बूट आणले होते ते संदीपनं. तो जो गप्प झाला तो झालाच. सगळ्यांचे बूट त्यानं पोत्यात भरून माळ्यावर टाकले, मेडल्स उतरवली. एकदा जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाला, "मीच मारलं गं त्यांना. हौसेपायी." ऋता ताटावरून उठून गेली.

तेव्हापासून मला निखिलचं वाईट व्हायला हवं होतं. उगाच मोठेपणा घेऊन सांगत नाही की मला फक्त सत्य हवं होतं. सत्य तर हवंच होतं, संदीपसाठी. पण त्या माणसाचे हालही हवे होते, माझ्यासाठी. लॅबमध्ये कोणाच्या दंडात सुई घालताना मला त्याचा दंड दिसायचा.

वर्षभरानं शहरातली हाफ मॅरेथॉन आली आणि हा बाबा आमच्या घरी टी-शर्टांचा गठ्ठा घेऊन हजर. टी-शर्टवर आप्पांचा फोटो, खाली त्याच्या ग्रुपचं नाव फोटोपेक्षा मोठं.

"ताई, आप्पांसाठी ट्रिब्यूट रन ठेवलाय. झेंडा घेऊन मी पुढे, तुम्ही माझ्या शेजारी. छान रील होईल."

संदीपनं दोन्ही हातांनी तो टी-शर्ट घेतला आणि म्हणाला, "सर, तुमचे उपकार आहेत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "येते मी."

सकाळी स्टार्टला ढोल, झुम्बा, सेल्फी, नेहमीचा धिंगाणा. निखिल झेंडा घेऊन उभा, भोवती ग्रुपची मंडळी, सगळ्यांच्या छातीवर आप्पा. मी त्याच्या शेजारी गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून सवयीनं निघालं, मोठ्यानं –

"आप्पा, आज कोणाच्या मागं?"

ग्रुपमधल्या दोघी-तिघींनी डोळे पुसले. मग उत्तरही मीच दिलं, आप्पांच्या आवाजात, निखिलच्या तोंडाकडे बघत. "आज निखिल सरांच्या मागं."

लोकांना वाटलं श्रद्धांजली आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. निखिलनं नाही वाजवल्या. त्याचा हात झेंड्यावर घट्ट झाला, एवढं मी पाहिलं आणि मला बरं वाटलं.

सुरुवातीला काहीच नाही. गंगापूर रोडला दोन्ही बाजूंना लोक उभे, टाळ्या वाजवतायत, शाळेची मुलं ओरडतायत. सोमेश्वरच्या पुढे गर्दी संपली आणि निखिल मागे वळून बघायला लागला. एकदा. दोनदा. मग शेजारच्याला म्हणाला, "कोण टाळी वाजवतंय रे? बंद करा ना." शेजारचा म्हणाला, "कोणी नाही सर." निखिलनं वेग वाढवला. ट्रिब्यूट रन सावकाश पळायचा ठरला होता, त्यामुळे मागचे ओरडले, "सर, हळू!" त्यानं झेंडा कोणाच्या तरी हातात कोंबला आणि सुटलाच.

मी त्याच्या मागे लागले. मी, जी आयुष्यात कधी कोणाला ओव्हरटेक करत नाही! आणि मग मला ऐकू आलं.

थप्. थप्.

माझ्या मागे नव्हतं ते. माझ्या पुढे, त्याच्या आणि माझ्या मधल्या मोकळ्या डांबरी रस्त्यावर. भीती वाटली का म्हणाल, तर नाही वाटली. रडू आलं. वर्षभर ऐकली नव्हती ती टाळी... आणि दुसऱ्याच्या मागे ऐकत होते.

गंगापूर गावाच्या पुढे यू-टर्न होता. तिथे प्लास्टिकचे केशरी कोन लावलेले, व्हॉलंटियर शिट्ट्या वाजवतायत. संदीप आणि ऋता तिथेच स्कूटर लावून मला बघायला उभे होते. निखिल वळलाच नाही. कोन उडवून सरळ गिरणाऱ्याच्या रस्त्याला लागला. मीही सरळ. संदीप ओरडला, "अगं, इकडे!" मी थांबले नाही, तेव्हा ऋताला मागे बसवून तो स्कूटरवरून माझ्या मागे येत राहिला. एक व्हॉलंटियरही बाईकवरून मागे आला, मोबाईलवर शूट करत.

चिंचेच्या झाडाखाली निखिल रस्त्यावर बसला होता, दोन्ही कानांवर हात दाबून. उलटी झाली होती त्याला. मला बघून म्हणाला, "ताई, पुरे म्हणा. तुमच्या पाया पडतो, पुरे म्हणा त्यांना."

टाळी चालूच होती. त्याच्या पाठीमागे, अगदी मानेशी.

"गाडी चालवताना काय करत होतास तू?" मी विचारलं. आजवर अहो-जाहो केलं होतं, ते तिथे संपलं.

"रील... अपलोड होत नव्हतं म्हणून मोबाईलमध्ये बघत होतो. वर पाहिलं तोवर..."

"चक्कर?"

"नव्हती आली. रस्त्याच्या कडेनं, पांढऱ्या पट्टीच्या पलीकडून नीट पळत होते ते. मी खोटं बोललो. आता पुरे म्हणा ना!"

संदीप माझ्या मागे येऊन उभा होता. मला वाटलं आता हा त्याला तुडवणार, आणि मला ते बघायचं होतं. पण संदीप त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "म्हणजे आप्पा चांगले पळत होते?"

"हो."

"दमले नव्हते?"

"नाही हो, दादा. मजेत होते. टाळी वाजवत होते."

संदीप तिथेच, रस्त्यात, पोरासारखा रडला. आप्पा गेल्यावर पहिल्यांदाच. ऋतानं त्याचं डोकं पोटाशी धरलं.

व्हॉलंटियरचा व्हिडिओ पोलिसांकडे गेला, निखिलनंही जबाब दिला. केस चालू आहे, ती चालेल तशी चालेल. त्याचा ग्रुप फुटला. त्याच्या कारमध्ये पाय ठेवायला आता कोणी तयार नाही. आमच्या घरी माळ्यावरचं पोतं खाली आलं.

तो व्हिडिओ मी कितीदा तरी पाहिलाय, इयरफोन लावून. त्यात टाळीचा आवाज नाही. वारा आहे, लांबून जाणारा ट्रॅक्टर आहे. फक्त निखिलचे खांदे मध्येमध्ये दचकतात... आणि तो ठेका मला माहीत आहे. संदीपनं तिथे काहीच ऐकलं नाही. ऋताला विचारलं की ती विषय बदलते.

माझं स्वतःला सगळं समजावून झालंय. त्याचं मन त्याला खात होतं, मी स्टार्टला बोलले ते डोक्यात बसलं, त्यात गर्दीच्या टाळ्या. मी रोजच्यापेक्षा जोरात पळाले, रक्तातली साखर उतरली, कानात ठोके वाजले. रिपोर्ट म्हणून छान आहे. मी सही करणार नाही.

कारण मागच्या महिन्यात तो आमच्या दारात आला होता. संदीप रनला गेलेला बघूनच आला असणार, त्याच्यासमोर यायची हिंमत नाही. ओळखू येत नव्हता इतका वाळलाय. चपलेत होता. म्हणाला, "ताई, दूध आणायला चाललो तरी मागे असतात. हळू चाललो की जवळ येतात. झोपलो की उशाशी. सगळं कबूल केलं ना मी? आता एकदा म्हणा."

माझ्या हातात चहाचा कप होता. मी म्हटलं, "आमच्या घरात नियम आहे. दया आली तरच म्हणायचं."

आणि दार लावून घेतलं.

रविवारी आम्ही तिघं पुन्हा त्याच रस्त्याला पळतो. संदीप पुढे, ऋता त्याच्या पुढे, सगळ्यात शेवटी मी. चढ लागला, पाय जड झाले की मी कान देऊन ऐकते. माझ्या मागे काही नसतं. नुसता रस्ता. आप्पा तिकडे कामात आहेत.

मी 'पुरे' म्हटलं तर ते माझ्या मागे परत येतील, की कायमचेच जातील, मला माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर खरंच सांगा. पण तो शब्द मी अजून उच्चारलेला नाही. आणि दया... तिचा अजून पत्ता नाही.