महादेवीकाकूंचा सल्ला

तार आली तेव्हा मी बार्शीच्या शाळेत आठवीच्या वर्गावर होते. शिपाई दारात घुटमळला आणि त्याच्या हातातला कागद बघूनच मला कळलं. गेले कित्येक महिने महादेवीकाकूंना दम्यानं बेजार केलं होतं. एस.टी.नं सोलापूर येईपर्यंत माझ्या मनात एकच घोळत होतं... शेवट फार जड गेला नसेल ना? काकूंच्या घरी पोचले तर लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात शेवंतीचे हार. त्यांची सून गिरिजा माझा हात धरून म्हणाली, "झोपेतच गेल्या हो. सकाळी उठवायला गेले, तर चेहरा असाच शांत होता." मी रडले, पण त्या रडण्यात दुःखाहून हायसं वाटणंच जास्त होतं. ज्या बाईला बोलायला इतकं आवडायचं तिला श्वासासाठी झगडावं लागू नये, एवढंच तर मी मागत होते.

आमची ओळख महापालिकेच्या कचेरीतली. शहरातल्या कलांना उत्तेजन द्यायचं म्हणून पालिकेनं एक सल्लागार समिती नेमली होती. वर्षातून एकदा आठवडाभर कलामहोत्सव भरायचा. त्यात कोणी काय सादर करायचं, नाट्यगृह कोणत्या दिवशी कोणाला द्यायचं, याची शिफारस आम्ही करायची आणि शेवटचा निर्णय साहेबलोकांनी घ्यायचा. समितीत बायका दोनच. मी तेव्हा सोलापुरातल्याच एका शाळेत मुलांची नाटकं बसवायची म्हणून, आणि काकू कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. माहेर अक्कलकोटकडचं, यजमानांचं सात रस्ता चौकाजवळ कापडाचं दुकान. घरात कानडी, गिऱ्हाइकांशी मराठी. पहिल्याच बैठकीत अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या वकीलसाहेबांनी, "भगिनींनी रांगोळी स्पर्धा सांभाळावी" असं सुचवलं. काकू म्हणाल्या, "सांभाळतो की. पण रांगोळी घालून झाली की नाटकाचं बी बोलू." वकीलसाहेब हसले. माणूस मोठ्या मनाचा होता, पण काकू खरंच नाटकाचं बोलतील असं काही त्यांना वाटलं नसावं.

महोत्सवात तेव्हा सगळे दिवस मराठी नाटकं आणि मराठी गाणी. पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांची एक नाटकमंडळी होती. नरसय्या नावाचे त्यांचे म्होरके दरवर्षी अर्ज करायचे आणि 'प्रेक्षकांना भाषा कळणार नाही' असा शेरा मारून तो परत जायचा. त्या वर्षी नरसय्या स्वतः बैठकीच्या दाराशी आले. म्हणाले, "यंदा न्हाय म्हटलं तर मंडळी मोडणार, अम्मा. पोरं म्हणतात, आपल्या गल्लीत किती दिवस नाचायचं?" काकूंनी वकीलसाहेबांना विचारलं, "तुमी बघितलंय का यांचं नाटक?" कोणीच बघितलेलं नव्हतं. "मग न बघता सल्ला कसा द्यायचा?" पुढच्या रविवारी दुपारी दोन टांगे करून त्यांनी अख्खी समिती पूर्व भागात नेली. मागांची खडखड त्या दिवशी बंद होती. एका मोठ्या खोलीत, सुताच्या गुंड्या बाजूला सारून, तालीम झाली. विणकर देवासाठी मोठ्या नवसानं चादर विणतो आणि नेमकी शेळी ती खाऊन टाकते, अशी गोष्ट. तेलुगू आमच्यापैकी कोणालाच येत नव्हतं, काकूंनाही नाही. पण शेळी झालेला तो आडदांड माणूस चादरीचा काठ चघळायला लागला, आणि वकीलसाहेब चष्मा काढून डोळे पुसू लागले... हसून हसून.

शिफारस झाली. तरी अधिकारी तयार होईनात. काकू मला घेऊन कचेरीत गेल्या. साहेब म्हणाले, "गोंधळ झाला तर जबाबदार कोण? आणि तुमची समिती फक्त सल्लागार आहे." काकू खुर्चीत मागे रेलल्या. "व्हय की, सायेब. आमी सल्लाच द्यायला आलोय. तुमी घरच्यांना घेऊन पयल्या रांगेत बसा, एवढाच सल्ला." परवानगी मिळाली, पण जिना उतरताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. "बाई, लोकांनी हुसकावून लावलं तर ही माणसं परत कुटंच तोंड दाखवायची न्हाईत. मला लई भ्या वाटतंय."

भीती काही उगीच नव्हती. नाट्यगृह भरलं खरं, पण पडदा वर गेला आणि मागून शिट्ट्या सुरू झाल्या. "मराठीत बोला!" कोणीतरी ओरडलं, मग दहाजण ओरडले. विणकराच्या वेषातले नरसय्या वाक्य अर्धवट टाकून नुसते उभे राहिले. विंगेत कोणीतरी पडद्याची दोरी धरलेली मला दिसत होती... पडदा पडला असता तर सगळंच संपलं असतं. तेवढ्यात काकू पदर खोचून स्टेजवर चढल्या. मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, थांबा की जरा! मला बी यांची भाषा येत न्हाय. पण घरात तान्हं लेकरू बोलतं तेव्हा तुमाला काय समदं कळतं? तरी बसता न्हवं ऐकत? हितं बसा दहा मिनटं. न्हाय आवडलं तर मीच पडदा पाडते." आधी पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं, मग सगळीकडे हशा. काकूंनी गोष्ट थोडक्यात मराठीत सांगितली, तीच कानडीत सांगितली. आणि उर्दू शाळेचे एक मास्तर प्रेक्षकांतून आपण होऊन उठले, "देखो भाई, इस बकरी कू भूक लगी, अब चादर की खैर नई!" शेळी आली. पुढचं मला नीट आठवत नाही, इतकं नाट्यगृह हसत होतं. 'मेका' म्हणजे शेळी, एवढं तेलुगू त्या दिवशी साऱ्यांना आलं. शिट्ट्या मारणारी पोरंच "मेका! मेका!" करून तिला परत बोलवत होती. माझ्या शेजारी साहेबांची धाकटी मुलगी खुर्चीवर उभी राहून टाळ्या पिटत होती. बाहेर आल्यावर नरसय्यांनी काकूंना वाकून नमस्कार केला. काकू पायरीवर मटकन बसल्या, "सुटले बाई," म्हणाल्या आणि पाणी मागितलं.

पुढच्या वर्षी एक दिवस कानडी मंडळींना मिळाला, एक संध्याकाळ दख्खनी शायरीला. नंतर निवडणुका झाल्या, नवी समिती आली आणि तिच्यात काकूंचं नाव नव्हतं. ते त्यांना लागलं असेल असं मला इतकी वर्षं वाटत राहिलं. विचारायचा धीर होत नव्हता. शेवटच्या भेटीत विचारलं. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, बोलताना धाप लागत होती. "अगं, सल्ला दिला, त्यांनी ऐकला, झालं की! नवी माणसं बी मंडळींना बोलावत्यातच न्हवं? मग?" माझ्या मनावरचा केवढा तरी भार त्या एका "मग?"नं उतरला.

मागच्या रविवारी पुन्हा सोलापूरला गेले होते. काकूंशिवाय त्या घरात पाऊल कसं टाकायचं, या विचारानं गल्लीच्या तोंडाशीच रेंगाळले. घर सुनं असेल, दार लोटलेलं असेल... पण सोप्यातून बायकांचा आवाज येत होता, तेलुगू, कानडी, दख्खनी, सगळं एकातएक मिसळून. गिरिजानं पुढे येऊन सांगितलं, समिती सुटल्यापासून काकूंकडे दर रविवारी गप्पांना जमणाऱ्या या बायका. "मी म्हटलं, आता कशाला येता? तर म्हणाल्या, आमी काय एकट्या त्यांच्यासाठी येत होतो व्हय?" सांगता सांगता ती हसत होती. आतून कोणीतरी मला हाक मारून सरकून जागा केली. उंबऱ्याशी चपला काढायला जागाच उरली नव्हती. मी माझ्या चपला खालच्या पायरीवर काढल्या आणि आत गेले.