मंजूर, सर

आमच्या घरातल्या लोखंडी कपाटाचा वरचा कप्पा शालींनी गच्च भरला आहे. सोलापुरात शाल अंगावर घ्यावी असे दिवस वर्षातून मिळाले तर मिळाले, तरी दर गुरुपौर्णिमेला त्या कप्प्यात एकीची भर पडतेच. बायको म्हणते, "यंदा विद्यार्थ्यांना सांगा, शाल नको, उशांचे अभ्रे द्या. निदान वापरात तरी येतील." मी हसतो. पण हल्ली त्या कपाटाचं दार उघडायचं मी टाळतो, आणि का टाळतो हे मी तिलाही नीट सांगू शकलेलो नाही.

मी इथल्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो. निवृत्त झाल्यावर काही दिवस घरी बसलो. नळाला पाणी यायच्या दिवशी टाक्या भरायच्या, एवढंच काम उरलं आणि मी चिडचिडा झालो. तेव्हा माझाच एक जुना विद्यार्थी घरी आला. मूळचा दुधनीचा, घरात कन्नड बोलणारा, वर्गात शेवटच्या बाकावर बसून रेडिओ खोलणारा हा मुलगा आता अक्कलकोट रोडवर स्वतःची छोटी कंपनी चालवत होता. टॉवेल विणणाऱ्या मागांना लागणारे कंप्यूटर बोर्ड तिथे तयार होतात. "सर, तुमी या की आमच्याकडं," तो म्हणाला. "नुसतं येऊन बसला तरी बास हाय आमाला." मला ते बोलणं फार गोड वाटलं. मी गेलो, पण नुसतं बसायला नाही. मी तिथे यूएसबीचे ड्रायव्हर लिहायला लागलो.

ड्रायव्हर म्हणजे बोर्डावरच्या चिपकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम. टॉवेलवर मोर काढायचा की कमळ, ती नक्षी पेनड्राइव्हमधून मागाच्या बोर्डात जाते. पेनड्राइव्हशी बोलणाऱ्या चिपला यूएसबी कंट्रोलर म्हणतात. ऐकायला हे सोपं वाटतं. पण इथल्या कारखान्यात एकच पेनड्राइव्ह सगळ्या मागांवर फिरतो. कामगार तो खोचतो, दिवा लुकलुकायचा थांबायची वाट न बघता उपसतो आणि पुढच्या मागाकडे जातो. त्याचंही बरोबरच आहे, त्याला तिथे ताटकळत उभं राहून कसं चालेल? चिप मात्र अजून अर्धी नक्षी ओढत असते. त्या वेळी तिला आधी थांबवायचं आणि मगच तिला दिलेली मेमरीची जागा काढून घ्यायची. क्रम उलटा झाला तर चिप भलत्याच जागी लिहीत सुटते. मग माग गोठतो, नाहीतर मोराच्या पाठीवर चोच उगवते. या एका उपसण्यापायी आमच्या नाकी नऊ येतात.

म्हणून लिहिलेला प्रत्येक बदल दुसऱ्या कुणीतरी ओळ न् ओळ वाचायचा, असा नियम आहे. त्याला रिव्ह्यू म्हणतात. वाचणारा शेरे लिहितो: हे चुकलं, हे कशासाठी, हे काढा. आपण सुधारून परत पाठवायचं. वाचणाऱ्याचं समाधान झालं की तो मंजुरी देतो आणि बदल मुख्य कोडमध्ये जातो. बाकीच्या पोरांचे बदल पुन्हा पुन्हा परत यायचे आणि ती वैतागायची. माझे कधीच आले नाहीत. सकाळी पाठवावा आणि चहा यायच्या आत उत्तर यावं: "मंजूर, सर." त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना मीच शिकवलेलं होतं. सुरुवातीला माझी कॉलर चांगली ताठ झाली.

मग साठी ओलांडली. एकदा गॅसवर दूध ठेवून तिथेच उभा होतो आणि ते माझ्यासमोर उतू गेलं. एकदा महिन्यापूर्वी मीच लिहिलेला कोड वाचताना तो काय करतोय हे समजायला अर्धा दिवस गेला. माझ्या वडिलांचं शेवटी काय झालं ते मी पाहिलं होतं. ते चांगले हिशेबी गृहस्थ. अखेरीला ते पाढे चुकीचे म्हणायचे आणि आम्ही सगळे "बरोबर, बरोबर" म्हणायचो. आपलं डोकं शाबूत आहे की नाही हे ज्याचं त्याला कळत नाही, दुसऱ्याने सांगावं लागतं. मला ते सांगणारं कुणी असेल तर माझा कोड वाचणारंच असणार होतं. आणि "मंजूर, सर" यातून काडीचाही उलगडा होत नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात एका नव्या बोर्डाचं काम निघालं. बाकीची पोरं मोठ्या ऑर्डरीत अडकलेली, म्हणून माझा ड्रायव्हर वाचायचं काम एका नव्या मुलीकडे गेलं. ती सोलापूरचीच, पण पुण्यात राहत होती आणि पहिले काही आठवडे तिथूनच काम करणार होती. आमच्या यंत्रणेत माझं नाव नुसतं आद्याक्षरांनी आहे. मी कोण, किती वयाचा, तिला काही पत्ता नव्हता.

तिचे शेरे आले. इतके आले, की वाचता वाचता मला मध्ये पाणी प्यावं लागलं. "इथे थांबायला एवढाच वेळ का? हा आकडा कुठून आला?" "इथे कुलूप लावलेलं असताना बाहेरचं फंक्शन बोलावलं आहे. ते हेच कुलूप मागेल आणि बोर्ड कायमचा अडकेल." "पेनड्राइव्ह उपसल्यावर आधी मेमरी सोडली आहे आणि नंतर चिप थांबवली आहे. क्रम उलटा हवा. हे धोक्याचं आहे." आणि सगळ्यात शेवटी: "लिहिणाऱ्याने या चिपची माहितीपुस्तिका पूर्ण वाचलेली दिसत नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी जेवायला बसलो तरी मी धुमसतच होतो. "कालची पोरगी मला माहितीपुस्तिका वाचायला सांगते!"

बायकोने ताटात भाकरी टाकली आणि विचारलं, "वाचलीय का तुम्ही?"

मी भाकरी मोडायला लागलो.

दुसऱ्या दिवशी वाचली. दोन ठिकाणी तिचाच गैरसमज झाला होता, पण बाकी सगळीकडे ती बरोबर होती. क्रमाच्या बाबतीत तर शंभर टक्के. तेवढी एक गोष्ट मी वर्गात घसा फोडून शिकवली होती, आणि तीच माझ्या हातून उलटी झाली होती. लाज वाटली, भीतीही वाटली. पण खरं सांगतो, त्याहून जास्त आनंद झाला. कुणीतरी माझं लिहिणं खरोखर वाचलं होतं. म्हणजे मी बिघडत चाललो असेन तर ते मला आता कळणार होतं, आणि बिघडत नसेन तर तेही.

ते आठवडे मी पुन्हा विद्यार्थ्यासारखे काढले. मी सुधारून पाठवायचो, ती परत पाठवायची. मी भांडायचो, ती पुस्तिकेतलं पान दाखवून माझं तोंड बंद करायची. एकदा मी तिला खोडून काढलं, तेव्हा तिने लिहिलं, "हो, माझं चुकलं. हे छान आहे." त्या "छान"ने मी दिवसभर हवेत होतो. बायको म्हणाली, "परीक्षेला बसलेल्या पोरासारखे झालात." शेरे हळूहळू कमी होत गेले, आणि ते कमी होत होते ते माझं लिहिणं सुधारत होतं म्हणून. अजून शिकू शकतो तो माणूस संपलेला नसतो, असं मी मनाशी म्हणत होतो.

मग ती सोलापूरला आली. मालक, म्हणजे माझा तो विद्यार्थी, तिला घेऊन माझ्या टेबलापाशी आला. "हे आपले सर," तो म्हणाला. "ह्यांनीच घडवलंय आमाला सगळ्यांना."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कंप्यूटरच्या पडद्याकडे. "म्हणजे तो ड्रायव्हर... तुमी लिहिताय?" तिचा चेहरा एकदम उतरला. मी हसून होय म्हणालो. तिने वडिलांचं नाव सांगितलं. शहराच्या पूर्व भागातलं माग चालवणारं तेलुगू घर. तिचा बाप तेव्हा रात्रपाळी करून तसाच कॉलेजला यायचा आणि वर्गात डुलक्या काढायचा. मला तो लख्ख आठवला. "पप्पा लई बोलतात तुमच्याबद्दल," ती म्हणाली. "उशीर झाला तरी सर वर्गात घ्यायचे म्हणतात. त्यांना कळलं मी तुमाला काय काय लिहिलंय, तर घरात घेणार न्हाईत मला." आणि ती वाकली. मी "अगं नको, नको" करत मागे सरायला गेलो, पण मागे टेबल होतं.

"तू उत्तम लिहिलंयस," मी म्हणालो. "तसंच लिहीत जा."

"असं कसं सर!" ती म्हणाली, आणि मालकही हसला.

पुढचा बदल मी सोमवारी पाठवला. चहा यायच्या आत उत्तर आलं: "मंजूर, सर." मला वाटलं, खरोखरच चूक नसेल. दुसरा पाठवला, तोही मंजूर. तिसरा पाठवायच्या आधी मी खुर्चीत बराच वेळ बसलो. मग तोच क्रम, जो तिने स्वतः धोक्याचा म्हणून दाखवला होता, तो मी उलटा केला. आधी मेमरी सोडली, मग चिप थांबवली. ते बघून ती गप्प बसणं शक्यच नव्हतं. मी पाठवून दिला आणि पडद्याकडे बघत राहिलो.

"मंजूर, सर. छान झालंय."

दुपारी डबा खाताना मी तिच्या समोर जाऊन बसलो. तिने शेंगाची चटणी पुढे केली. मी विचारलं, "सकाळचं वाचलंस ना? उपसल्यानंतरचा क्रम बघितलास?"

ती खाली बघत म्हणाली, "बघितला, सर. मी नीट लावून घेतलाय नंतर. तुमी काळजी करू नका."

"मग मला का नाही लिहिलंस?"

"तुमाला कशाला तरास, सर. सगळे तसंच करतात की." मी नुसती मान हलवली, म्हणून तिला वाटलं मला माहीत असेल, आणि ती पुढे बोलत राहिली. "मला आल्या आल्याच सांगितलं सगळ्यांनी. सरांचं आलं की आधी मंजूर करायचं, मग आपलं आपण नीट करून घ्यायचं."

सगळे. इतकी वर्षं. माझ्या बदलानंतर एकदोन दिवसांनी कुणाचा ना कुणाचा "किरकोळ साफसफाई" नावाचा बदल यायचा, तो मी पाहत आलो होतो. मला वाटायचं, पोरं रिकाम्या ओळी नीट करतायत. मी डब्याला झाकण लावलं.

"अगं, आजचं मी मुद्दाम केलं होतं," मी म्हणालो. "तू पकडतेस का ते बघायला."

तिने मान वर केली. त्या पोरीच्या डोळ्यांत इतकी माया होती की मला ती सहन होईना. "बरं, सर," ती म्हणाली. माझ्या वडिलांना आम्ही याच आवाजात "बरोबर" म्हणत होतो.

मी तडक मालकाच्या केबिनमध्ये गेलो. तो फोनवर आईशी कन्नडमध्ये बोलत होता. मला बघताच त्याने फोन ठेवला आणि उभा राहिला. "बसा की सर. काय पायजे?" मी काय मागणार होतो? पोरांना सांग माझा अपमान करायला? त्याने वाईट काहीच केलं नव्हतं. त्याने मला जपलं होतं, मला न कळेल इतक्या हळुवारपणे. नुसतं येऊन बसला तरी बास हाय, हे तो पहिल्याच दिवशी बोलला होता, आणि ते त्याने शब्दशः पाळलं होतं. "काही नाही," मी म्हणालो आणि बाहेर आलो.

घरी बायकोला एवढंच म्हणालो की आता काम सोडावं म्हणतो. ती घाबरली. "आणि घरी बसून काय करणार? त्या पोरांना किती वाईट वाटेल!" ते खरंच होतं. सोडलं असतं तर त्यांना वाटलं असतं की त्यांच्या सेवेत काहीतरी उणं राहिलं. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेलो.

थोड्याच दिवसांत गुरुपौर्णिमा आली. दुपारी सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. पेढे होते, नारळ होता. त्या वर्षीचा मान नव्या मुलीला मिळाला. तिचे वडीलही आले होते, केस पांढरे झालेले, हात जोडून दाराशी उभे. तिने शाल माझ्या खांद्यांवर घातली आणि वाकली. "सर, आशीर्वाद द्या." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. टाळ्या वाजल्या. मालकाने दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी नुसते हात जोडले, आणि सर भारावले असं सगळ्यांना वाटलं.

सगळे आपापल्या जागी गेल्यावर मी तशीच शाल घेऊन काम करत बसलो. उपसल्यानंतरचाच भाग होता. मी तो जीव ओतून लिहिला, पुस्तिका शेजारी उघडी ठेवून, प्रत्येक ओळ दोनदा वाचून. पूर्ण झाल्यावर मला वाटलं की क्रम बरोबर आहे. मग वाटलं, की उलटा आहे. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि खरंच सांगतो, मला ठरवता येईना. शेवटी मी तो बदल तसाच पाठवला.

चहा यायच्या आत उत्तर आलं.