एका धंद्याची एक खुर्ची

क्लबच्या शोकसभेत दोन मिनिटांची शांतता संपली आणि सगळे बसले. एक गृहस्थ मात्र माझ्या यजमानांच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभेच राहिले. अध्यक्षांनी ओळख करून दिली, "वहिनी, हे शहापूरकर. यांचंही चष्म्याचंच दुकान आहे."

प्रत्येक धंद्यातला एकच सभासद, हा क्लबचा नियम. कुणा एकाच धंद्याचं वर्चस्व होऊ नये, सगळ्यांनी मिळून गावाची सेवा करावी, असा त्यामागचा विचार. यजमान तो कौतुकाने सांगत. नियम चांगलाच आहे. पण ज्या खुर्चीवर माणसाचं नव्हे, धंद्याचं नाव असतं, तिथला माणूस गेला की फक्त एक जागा रिकामी होते. दाराशी कुणीतरी सेवेची इच्छा धरून ताटकळलेलं असतं, आणि त्याला वाईटही म्हणता येत नाही.

"फार मोठा माणूस गेला, वहिनी," शहापूरकर म्हणाले. "मी तर किती वर्षं क्लबात यायची वाट बघत..." आणि त्यांनी जीभ चावली. हात खुर्चीवरच होता.

"बसा ना," मी म्हटलं. "इतकी वर्षं उभं राहून पाय दुखले असतील."