पिंपरीच्या साइटवर 'बास्टर्ड'चा अर्थ

मी पिंपरीला गेलो ते नोकरीसाठी नव्हे, कुसुमसाठी. कॉलेज मी मध्येच सोडलं, त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. पण तिचे वडील, नाना, म्हणाले होते, "आधी पोटापाण्याचं बघ, मग मुलीचं बोल." नाना पिंपरीत नव्या कारखान्याच्या बांधकामावर सुपरवायझर. नोकरीही तेच देणार होते.

कुणाला जायचं असेल तर पुण्याहून लोणावळ्याकडची सकाळची पॅसेंजर धरा. भाडं काही आण्यांचं. खडकी सोडली की खिडकीत ज्वारीच ज्वारी. पिंपरी स्टेशनबाहेर भजी झकास मिळतात, चहा मात्र निव्वळ गूळपाणी. टांगा मिळतो म्हणतात. मला दिसला नाही. रहाटणीच्या एका बैलगाडीवाल्यानं गाडीत घेतलं.

"आमच्या वावराशेजारी कंपनी येतीया," तो म्हणाला. "आता विंग्रजी शिकावं लागंल, न्हाई का?"

"नका शिकू, सुखी राहाल," मी म्हटलं.

साइटवर चाकणकडच्या माणसांची टोळी पाया खणत होती. मुकादम बापू, पिकल्या मिशांचा. या टोळीचा एक नियम मला फार आवडला. कामावर कुणी आईवरून शिवी दिली, की त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. मारामारी नाही, भांडण नाही. चहा.

तेवढ्यात नाना आले. आडवं पडलेलं फावडं बघून एका गड्यावर ओरडले, "यू बास्टर्ड!" गड्यानं हसत फावडं उचललं. मग डॅम झालं, ब्लडी फूल झालं, आणि पुन्हा बास्टर्ड, या वेळी थेट बापूला. साहेब देश सोडून गेला, शिव्या तेवढ्या नानांच्या हवाली करून गेला.

"तुम्ही ऐकून घेता?" मी बापूला विचारलं.

"विंग्रजी हाय राव. ती कुटं लागती?"

माझं डोकं फिरलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं: डॅम म्हणजे जा नरकात. ब्लडी म्हणजे नुसता फोडणीचा मसाला, कशावरही टाका. पण बास्टर्ड म्हणजे ज्याच्या बापाचा पत्ता नाही तो. शिवी बसते ती तुमच्या आईला.

फावडी थांबली. बापू खड्ड्यातून वर आला. "सायेब, मंग चहा द्यावा लागंल. समद्यांस्नी."

नानांनी मला बाजूला ओढलं. "त्यांना सांग, तू चुकलास. म्हणावं, त्याचा अर्थ नुसता आळशी. उद्यापासून कामावर ये. कुसुमचंही आजच ठरवून टाकू."

कुसुम! एवढंच बोललो की झालं.  पण बापू माझ्याकडे बघत होता. "अर्थ तोच आहे," मी म्हणालो. "चहा मागवा."

किटली आली. नाना दात खाऊन म्हणाले, "माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही."

टाकलं. तिला न भेटता जातोय कोण? साइटमागच्या पत्र्याच्या क्वार्टरमध्ये कुसुमची आई पोळ्या लाटत होती. कुसुम दारातच उभी. अर्थ सोडून घडलेलं सांगितलं तर आई हसली. "बास्टर्ड ना? आमच्या धाकट्या पोराला, बंडूला, रोज म्हणतात की हे! काय अर्थ त्याचा?"

मी कुसुमकडे पाहिलं. इंग्रजी तिलाही येत होतं. तिनं अर्थ सांगितला, अगदी सावकाश, आईच्या डोळ्यांत बघून.

तव्यावरची पोळी करपली. मागून नाना आलेच. "हा इथे कसा?"

"मी बसवलंय," आई म्हणाली. लाटणं हातातच होतं. "जेवून जातील. आणि मुलीचं दुसरीकडे कुठे बघायचं नाही. यांना नोकरी लागेपर्यंत वर्षभर थांबू आपण. तोंड सांभाळणारा माणूस घरात आला तर बरंच आहे."

 नानांनी पाट स्वतःच सरकवला.

परत आलो तसं बाबांनी विचारलं, "काय मिळवून आलास?" एक वर्ष, मी म्हटलं. त्यांना कळलं नाही. नोकरी मी शोधीन, पण असली बोलणी गिळून नाही. पिंपरीला जरूर जा, भजी खा. आणि कुणी इंग्रजीत शिवी दिली, तर हसू नका. अर्थ विचारा, चारचौघांत, मोठ्यानं.