स्लिम, स्ट्रेट आणि प्रवीण

जळगावात बावीस वर्षं जीन्स विकतोय. आता दुकानात मालापेक्षा किस्सेच जास्त पडलेत. आणि खरं सांगू? त्यातल्या निम्म्यांवर हल्ली हसूही येत नाही.

स्किनी म्हणजे पायाला चिकटून. स्लिम जरा मोकळी. स्ट्रेट मांडीपासून घोट्यापर्यंत सरळ. रिलॅक्स सगळीकडे ढगळ. एवढंच आहे हो! पण समजावता समजावता माझे केस गेले!

*

धुळ्याकडचे एक आबा पोराला घेऊन आले. पोराने स्किनी चढवली. आबा म्हणाले, "बठ खाले. मांडी घाल."

पोरगं अर्धं वाकलं आणि तिथेच अडकलं! मी म्हटलं, "आबा, हा फिटच तसा असतो."

"मंग हाऊ पंगतमा उभा ऱ्हाईसन जेवी का?"

तेव्हापासून ट्रायल रूमसमोर सतरंजी टाकलीय. आधी मांडी, मग खरेदी. लाज वाटते, पण करतो काय!

*

एका नानांनी पोराच्या हट्टाखातर स्लिम नेली. आठ दिवसांनी परत हजर! गावातल्या टेलरकडून दोन्ही पायांना उभ्या पट्ट्या लावून ती ढगळ करून आणलेली.

"बदलून द्या," नाना म्हणाले. "पट्टीचा रंग जुळत नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला.

*

पण जीव जळतो तो प्रवीणसाठी. जामनेरकडचा, स्वतःची केळीची बाग, वय चौतीस. मुलगी बघायला जायचं ठरलं की आधी माझ्याकडे येतो. मुलीचा फोटोही दाखवतो.

पहिल्यांदा स्लिम नेली. नकार आला. "जास्त टाइट दिसली असेल, भाऊ." मग स्ट्रेट. पुन्हा नकार. "जुनाट वाटली असेल." मग रिलॅक्स. "गबाळा दिसलो असेन."

सहा मुली झाल्या. प्रत्येक वेळी तो दोष पँटला देतो आणि मी मेला पुढचा फिट काढतो. मुलींकडचे काय विचारतात हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

गेल्या महिन्यात सातव्यांदा आला. म्हणाला, "भाऊ, नोकरीवाल्यासारखी दिसेल अशी कोणती?"

हाताला आली ती गडद निळी स्ट्रेट दिली.

*

त्याच दिवशीची गोष्ट. प्रवीण ट्रायल रूममध्ये, त्याची जुनी जीन्स दारावर टांगलेली. तेवढ्यात एक जोडपं आलं. नवरा पुण्याला कंपनीत, बायकोचं माहेर नशिराबाद.

"रफ काहीतरी दाखवा," नवरा म्हणाला. "गुडघ्यावर विरलेली, डागवाली. ऑफिसात शुक्रवारी चालते." आणि त्याची नजर दारावर गेली. "अरे, ही! अशीच हवी!"

दार उघडलं. प्रवीण नवी पँट घालून बाहेर आला आणि बाईंना बघून तिथेच थांबला. बाईंनी मान खाली घातली. तेव्हा मला फोटो आठवला. दुसरा नकार यांचाच होता.

नवऱ्याला कशाचाच पत्ता नाही. तो जुन्या जीन्सवर बोट फिरवत म्हणाला, "काय मस्त डाग आहेत! कुठल्या ब्रँडची?"

प्रवीणने जीन्स दारावरून काढली. नीट घडी घातली.

"केळीचा चीक आहे, साहेब," तो म्हणाला. "दुकानात नाही मिळत. शेतात राहावं लागतं."