सिक्वेन्स मोठा की कलर

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्या दिवाळीनंतर तीन महिने आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहिले. राहिले म्हणजे मीच ठेवून घेतलं. त्यांच्या मेंदूत रक्ताची बारीक गुठळी झाली होती. दवाखान्यातून सुटले तेव्हा उजव्या हातात जोर नव्हता आणि बोलताना शब्द थोडे घसरायचे. बाकी माणूस हिंडताफिरता होता आणि त्याचं एकच टुमणं होतं, गावाला जायचं. गाव येवल्याच्या अलीकडे, घर मळ्यात, हाक मारली तर ऐकू जाईल असा शेजार नाही. तिथे ते आणि आई दोघंच. मी एकुलती एक, त्यात काळजीखोर, आणि वर पंचवीस वर्षं शाळेत शिकवलेलं, त्यामुळे आपलंच बरोबर असतं ही खोड हाडात मुरलेली.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हात सुधारेल. तुम्ही डोक्याकडे लक्ष ठेवा. नियम लक्षात राहतात का, पुढचा विचार करतात का, उगाच कुणावर संशय घेतात का, हे बघा. तीन महिन्यांनी ठरवू, दोघांना गावी एकटं राहू द्यायचं की नाही." म्हणजे अण्णांची परीक्षा होती आणि परीक्षक मी होते. हे मी अण्णांना सांगितलं नाही. आईलाही नाही, कारण आईच्या पोटात गोष्ट राहत नाही.

आता डोक्याकडे लक्ष ठेवायचं म्हणजे डोकं वापरायला काही द्यायला हवं. मी सुडोकूचं पुस्तक आणलं. अण्णांनी दोन पानं चाळली आणि म्हणाले, "शाळेतली पोरं संपली का, म्हणून माझ्याकडून करून घेती?" त्यांचा जीव पत्त्यांत. पण मेंढीकोटाला चार माणसं लागतात आणि हातात तेरा पानं धरावी लागतात. डाव्या हाताने पंखा धरायला गेले की पानं सतरंजीवर सांडायची. एकदा ती गोळा करताना त्यांचं तोंड मी पाहिलं आणि पत्त्यांचा जोड कपाटात ठेवून दिला.

आमच्या शाळेतले गणिताचे सर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, पोकर खेळवा. हातात दोनच पत्ते, आणि तेही टॅबवर. धरायला काही नाहीच." मी म्हटलं, मास्तरणीच्या घरात जुगार शोभेल का? ते हसले. पैसे लावायची ॲप बंदच झालीत म्हणाले, हे नुसत्या खोट्या चिप्सचं. रोज दुपारी चार वाजता एक फुकट टूर्नामेंट असते. जिंकलात तर नंबर, हरलात तर चहा.

स्टाफरूममध्ये एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी मला सगळं समजावलं. मी धसका घेतला होता तेवढं काही अवघड नव्हतं. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, ते आपल्यालाच दिसतात. टेबलावर पाच पत्ते उघडतात, आधी तीन, मग एक, मग एक, आणि ते सगळ्यांचे. सातांतून ज्याचे त्याचे चांगले पाच धरायचे. दर टप्प्याला चिप्स लावायच्या, किंवा नको वाटलं तर पत्ते टाकून गप्प बसायचं. टूर्नामेंटमध्ये सुरुवातीला सगळ्यांना सारख्याच चिप्स मिळतात. त्या संपल्या की तुम्ही बाहेर, पुन्हा मिळत नाहीत. प्रत्येक डावात दोघांना पत्ते बघायच्या आधीच ठरलेल्या चिप्स टाकाव्या लागतात, त्याला ब्लाइंड म्हणतात. ही पाळी फिरत राहते आणि ब्लाइंडची रक्कम दर काही मिनिटांनी वाढते. माणसं गळत जातात, टेबलं एकत्र होत जातात, शेवटी एकच टेबल उरतं आणि त्यावर एकच माणूस. "म्हणजे पहिल्या तासात कुणाला मारायचं नाही, आपण मरायचं नाही," असं सर म्हणाले. हे मला फार आवडलं.

घरी येऊन मी तेच अण्णांना शिकवायला बसले. टूर्नामेंटचं त्यांनी नीट ऐकून घेतलं. ब्लाइंड वाढत जातात हे कळल्यावर म्हणाले, "म्हंजे नुसतं बसून ऱ्हायलं तरी झिजणार." मी मनातल्या मनात पहिला गुण दिला. मग मी म्हटलं, आता कुठला हात मोठा ते सांगते, जोडी असते, तीन सारखे असतात, सिक्वेन्स म्हणजे ओळीने आकडे, कलर म्हणजे सगळी बदामं नाहीतर सगळी इस्पिकं... तेवढ्यात त्यांनी डावा हात वर केला.

"थांब. जोडी, सिक्वेन्स, कलर मला शिकवती? तुझा जन्म व्हायच्या आधीपासून गोकुळाष्टमीला तीन पत्ती खेळतो मी."

ते खरंच होतं. आमच्या गावात गोकुळाष्टमीला पुरुष माणसं गोठ्याच्या पडवीत तीन पत्तीला बसत आणि आम्ही मुली घरात बदाम सात आणि झब्बू खेळत बसायचो. मी आपली गप्प बसले. त्यांनी मला आणखी एक बजावलं. खेळणाऱ्याच्या मागे बसणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, चेहरासुद्धा हलवायचा नाही आणि डाव झाल्यावर तो उकरायचा नाही. पडवीतला हा नियम त्यांनी माझ्या हॉलमध्ये जसाच्या तसा लावला.

त्यानंतर रोज चारला आम्ही टॅब घेऊन बसायचो. आई पलीकडे मेथी नाहीतर गवार निवडत बसायची. मी अण्णांच्या मागे खुर्चीवर, तोंड शिवल्यासारखी. पहिल्या दिवशी ते दहा मिनिटांत बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी टेबल बदललं तेव्हा गोंधळले. "ही समोरची मंडळी उठून कुठं गेली?" मग त्यांच्या लक्षात आलं आणि पुढे कधी विचारलं नाही. आठवड्याभरात खेळ जमला. वाईट पत्ते शांतपणे टाकायचे, तासभर टिकायचे. माझ्या मनातल्या प्रगतिपुस्तकात शेरे सुधारत होते.

पण मग विचित्र गोष्टी दिसायला लागल्या. समोर टेबलावर एकाच रंगाचे चार पत्ते उघडे असताना अण्णांनी सिक्वेन्सवर सगळ्या चिप्स लावल्या आणि बाहेर पडले. दोन दिवसांनी पुन्हा तेच. चौथीतलं पोरही म्हणालं असतं, आजोबा, समोरच्याकडे कलर असणार. अण्णांना दिसत कसं नाही? त्याहून वाईट म्हणजे हरल्यावर ते म्हणाले, "हे यंत्र लबाड हाय. माझ्या चिप्स दुसऱ्याला देतंय." पुढच्या आठवड्यात हे रोजचंच झालं. जिंकले की गप्प, हरले की यंत्र लबाड.

नियम लक्षात राहत नाहीत. उगाच संशय. डॉक्टरांच्या यादीतली दोन कलमं माझ्या डोळ्यांदेखत भरत होती. मी गॅलरीत जाऊन दार लावून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "महिनाअखेरीला घेऊन या, तपासू. तोवर गावाला पाठवू नका." आत आले तर अण्णा आईला सांगत होते, माघ लागला की आपण आपल्या घरी.  ज्या माणसाने मला सायकल शिकवली, हिशोबाची वही शिकवली, त्याला मी कुठल्या तोंडाने सांगणार की तुमचं डोकं आता भरवशाचं राहिलं नाही? दोन रात्री नीट झोप लागली नाही. नवऱ्यावर, भाजीवाल्यावर, वर्गावर, सगळ्यांवर डाफरत होते.

मग तो दिवस आला. टूर्नामेंटमध्ये पंचवीसेक जण उरले होते आणि अण्णा चांगल्या चिप्स राखून होते. त्यांच्या हातात बदामाचा एक्का आणि बदामाची चौकी. टेबलावर बदामाची सत्ती, बदामाची अठ्ठी, किलवरची नव्वी, मग बदामाची दुर्री. झाला कलर, आणि तोही एक्क्याचा! शेवटी इस्पिकचा राजा उघडला. मी मागे बसून हिशेब केला. त्या टेबलावर याहून मोठा हात कुणाकडे असूच शकत नव्हता. समोरच्याने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. मला वाटलं, आता अण्णा याला खातात.

अण्णांनी बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं. मग डाव्या हाताच्या बोटाने पत्ते टाकून दिले.

माझा बांध फुटला. पडवीचा नियम गेला खड्ड्यात. "अण्णा! अहो काय केलंत हे! कलर होता तुमच्याकडे! एक्क्याचा कलर!"

अण्णा वळले. आधी चिडले, कारण मी बोलले होते. मग म्हणाले, "हाय की कलर. पण समोर सत्ती, अठ्ठी, नव्वी उघडी हाय. त्याच्यापाशी सिक्वेन्स हाय. दिसत नाय का तुला?"

"असेना सिक्वेन्स! कलरपुढे सिक्वेन्स काय करणार?"

आता अण्णा माझ्याकडे असे पाहायला लागले की मला माझाच चेहरा आठवला, गेल्या पंधरा दिवसांतला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "पोरी, सिक्वेन्स मोठा असतो कलरपेक्षा." मग आईकडे वळून हळूच म्हणाले, "हिला बरं वाटत नाय का गं?"

आईने मेथीची काडी मोडता मोडता मान वर केली. "सिक्वेन्सच मोठा. तेवढं मलाबी ठाऊक हाय. चहा द्यायला जाऊन जाऊन कळलंय."

मी तिथेच उभी राहून सरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सर हसत सुटले. "मॅडम, दोघंही बरोबर आहात. तीन पत्तीत सिक्वेन्स मोठा, पोकरमध्ये कलर मोठा. तीन पत्त्यांत सिक्वेन्स कमी वेळा येतो म्हणून तो वर. पाच पत्त्यांत कलर कमी वेळा येतो म्हणून कलर वर. दुर्मीळ असेल त्याला मान. तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतं का?"

नव्हतं सांगितलं. सांगायला गेले तर त्यांनी हात वर केला आणि मी थांबले. तीन आठवडे हा माणूस एक नियम अगदी काटेकोर पाळत होता, एकदाही चुकला नव्हता. कलर सिक्वेन्सला भिऊन टाकत होता, सिक्वेन्स कलरवर ठोकत होता, सगळं जिथल्या तिथे. फक्त तो नियम दुसऱ्या खेळाचा होता. आणि हरल्यावर यंत्राला लबाड म्हणणार नाही तर काय? पडवीत कुणी कलर दाखवून सिक्वेन्सवाल्याचे पैसे ओढले असते तर मारामारी झाली असती.

माझा जीव भांड्यात पडला. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि ओट्याला टेकून रडले. हुंदके देऊन, लहान मुलीसारखी. आपण चुकलो याचा इतका आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता.

तोंड धुऊन बाहेर आले तर अण्णा टॅब बंद करून बसले होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले, मी काय बघत होते, गॅलरीतून फोन कशाला केला. सांगताना मान वर होत नव्हती. मला वाटलं आता बोलणी बसणार आणि ती मी खाणार होते.

 अण्णा आजारी हात चांगल्या हातात घेऊन चोळत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, मीच गेलो."

"म्हणजे?"

"हातात सिक्वेन्स, समोर कलर, आणि चिप्स त्याच्याकडं चालल्या. एकदा झालं, दोनदा झालं. यंत्र लबाड, यंत्र लबाड, तुला ऐकू जाईल असं म्हणत ऱ्हायलो. पण मनात म्हणायचो, इतक्या लोकांत यंत्र माझ्याशीच कशाला लबाडी करील? आपल्यालाच पत्ते उलटे दिसायला लागले." त्यांचा आवाज घसरला, पण या खेपेला आजारामुळे नाही. "म्हणून तर गावाला जायची घाई लावली होती. तुला कळायच्या आत."

आईने मेथीची पाटी खाली ठेवली.  मी त्यांचा तो हात माझ्या हातात घेतला. त्यांनी बोटं मिटली. जोर कमी होता, पण होता.

"मंग?" त्यांनी विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा अण्णांनी माझ्याकडे परवानगी मागितल्यासारखं पाहिलं. "जाऊ ना आम्ही?"

"डॉक्टरांना दाखवू आणि मग जा," मी म्हटलं, "मीच सोडायला येते." हे ऐकायला आई तिथे नव्हती. ती आतल्या खोलीत खुंटीवरची पिशवी काढून अण्णांची धोतरं घड्या करून भरत होती.