सूर्य बिघडला त्या दिवशीची मोजणी

अकोल्यात मी खाजगी जमीन मोजणीची कामं करतो. पूर्वी साखळी ओढायचो. आता उपग्रहांवरून जागा दाखवणारं यंत्र आहे. ते आल्यापासून सकाळच्या चहाबरोबर मी मोबाइलवर सूर्याचा अंदाज वाचतो. तिकडे काय उसळलं, पृथ्वीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र आज शांत राहणार की खवळणार, हे रोज येतं. शांत असलं तर यंत्र बोटभरही चुकत नाही. खवळलं की त्याला एक जागा धरवत नाही. बायको म्हणते, लोक राशिभविष्य वाचतात, तुमचं त्याच्या जरा वरचं.

एकदा बाळापूरकडे एक धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, मोजायचा होता. अलीकडे साठीच्या एका बाईंचा झेंडू, पलीकडे त्यांच्या चुलत दिराचा कांदा. धुऱ्यावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. त्या सकाळी अंदाज वाईट होता, पण शब्द दिला होता, आणि हे अंदाज बरेचदा चुकतात.

तो चुकला नाही. यंत्र धुऱ्याची खूण एकदा झेंडूत दाखवी, एकदा कांद्यात. दोन तासांनी मी खरं ते सांगितलं, "सूर्यावर वादळ झालंय. आज मोजणी होणार नाही. उद्या दुपारपर्यंत निवळेल."

दोघांनी वर पाहिलं. ऊन लख्ख होतं.

"वादळ सूर्यावर, अन् मोजणी आमची काहून थांबून राहिली?" दिराने विचारलं. मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाला, "सकाळी वैनीच्या घरी चहा पेला ना तुमी?"

"माह्या घरी पेला, तर तुमच्या घरी पोहे खाल्ले त्यायनं," बाई म्हणाल्या. "तुमीच फितवलं असन त्यायले."

मला दोन्हीकडून विकत घेतलेलं ठरवता ठरवता दोघांच्या लक्षात आलं, की मग कोणीच घेतलेलं नाही. माणूस नुसता खोटारडा आहे. यावर दोघांचं एकमत झालं. कित्येक वर्षांतलं पहिलंच असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर धुऱ्यावर नवे दगड रोवलेले. दोघांनी घरून दोर आणून, दोन्ही टोकं धरून, आपसात वाटणी करून टाकली होती. दीर बांधावर बसून झेंडूच्या भावाची चौकशी करत होता. मला काही काम उरलं नव्हतं, पण आलोच होतो म्हणून यंत्र लावलं. अंदाज शांत होता, यंत्र लगेच स्थिरावलं.

"बरोबर हाय ना?" बाईंनी विचारलं.

क्षणभर वाटलं, हो म्हणावं. पण तोंडातून खरं तेच निघालं, "काकू, दगड हातभर तुमच्या शेतात आलेत."

दीर खाली मान घालून ढेकूळ फोडत बसला. बाई माझ्याकडे नाही, यंत्राकडे पाहत म्हणाल्या, "राहू द्या. त्याचा कालचा ताप अजून उतरला नसन."

मी नकाशा यंत्राप्रमाणेच काढला. दोघांनी न वाचता सह्या केल्या. दगड अजून तिथेच आहेत.